खाता येणारी काच

होळीला आठवडा उरला की गोंदियाच्या बाजारात किराणा दुकानांच्या दारांवर गाठ्या लटकू लागतात. पांढऱ्या, गुलाबी, पिवळ्या. विदर्भात होळीला लहान मुलांच्या गळ्यात गाठी पडलीच पाहिजे, आणि बाळाची पहिलीच होळी असेल तर गाठी जरा मोठी आणली जाते. पश्चिम महाराष्ट्रात हीच साखरेची माळ गुढीपाडव्याला गुढीवर चढते. त्याच दुकानात गल्ल्याशेजारच्या बरणीत वर्षभर दुसरा एक साखरेचा ऐवज असतो, तो म्हणजे लिमलेटच्या रंगीत गोळ्या. नारिंगी, हिरव्या, लालभडक.

एक गाठी आणि एक गोळी शेजारी ठेवून नीट पाहा. गाठीतून उजेड आरपार जात नाही. गोळी खिडकीपुढे धरली तर पलीकडचे दिसते. गाठी दाताखाली आली की भुरभुरते आणि लगेच विरघळते. गोळी चावली तर कटकन फुटते, तिच्या तुकड्यांना धार असते, आणि चोखत राहिलात तर दहा मिनिटे पुरते. दोन्ही साखरेच्याच. दोन्हींची सुरुवात कढईत, साखर आणि पाणी एकत्र उकळण्यापासूनच होते. मग एकीला हे रूप आणि दुसरीला ते, असे का?

उत्तर थोडक्यात असे: गाठीत साखरेचे असंख्य बारीक स्फटिक आहेत आणि गोळीत एकही नाही. गोळी ही काच आहे. हे कौतुकाने म्हटलेले नाही. पदार्थविज्ञान ज्या अर्थाने खिडकीच्या तावदानाला काच म्हणते, त्याच अर्थाने लिमलेटची गोळी काच असते. तावदानाची काच वाळूपासून होते आणि शुद्ध वाळू वितळायला १७०० अंश सेल्सिअस लागतात. साखरेची काच घरच्या गॅसवर १५० अंशांत होते. स्वयंपाकघरात बसून काचकाम करायची संधी साखरेइतकी स्वस्तात दुसरे कोणी देत नाही.

ओळीतले रेणू, विखुरलेले रेणू

साखरेचा एक रेणू म्हणजे ग्लुकोज आणि फ्रुक्टोज यांची जोडी. या रेणूंना मोकळीक आणि वेळ मिळाला की ते ठरलेल्या अंतरावर, ठरलेल्या कोनात एकमेकांना लागून बसतात. तो स्फटिक. डब्यातल्या साखरेचा प्रत्येक दाणा असा स्फटिक आहे. खडीसाखर हा मोठा झालेला स्फटिक.

गोंदियाकडच्या वाचकाला हा फरक धानाच्या बांधीवर उभे राहून सांगता येईल. दोरी धरून ओळीत रोवणी केली की रोपे शिस्तीत उभी राहतात. त्याच बांधीत आवत्या टाकला तर बी तेच, माती तीच, पण जो दाणा जिथे पडला तिथेच त्याचे रोप उभे राहते. रोवणीला हात लागतात, दिवस लागतात. आवत्या झटक्यात उरकतो. साखरेचेही अगदी असेच आहे. ओळीत बसायला रेणूंना सवड लागते. ती सवड मिळू दिली नाही तर ते जिथे असतील तिथेच गोठतात. रचना द्रवाची, पण हालचाल बंद. अशा गोठलेल्या गोंधळाला काच म्हणतात.

म्हणजे गाठी करणारा कारागीर आणि गोळी करणारा कारागीर एकाच पाकावर उलटसुलट कामे करतात. एकाला रेणू ओळीत आणायचे असतात, दुसऱ्याला ते कसेही करून ओळीत येऊ द्यायचे नसतात. पुढचे सगळे कौशल्य याच एका गोष्टीभोवती फिरते.

तापमापी मोजते ते पाणी

पाण्याची साखरेसाठीची भूक थक्क करणारी आहे. साध्या तापमानाला १०० ग्रॅम पाण्यात सुमारे २०० ग्रॅम साखर विरघळते. तेच पाणी उकळीला आले की पाचशे ग्रॅमच्या जवळपास साखर सामावून घेते. पाक आटवत गेलो की पाणी कमी होते, साखर तेवढीच राहते, आणि पाकाचा उत्कलनबिंदू चढत जातो. कढईतला पाक किती अंशांवर उकळतो आहे हे कळले की त्यात पाणी किती उरले हे कळते. तापमापी दाखवते तापमान, पण आपण तिच्याकडून खरे तर पाणी मोजून घेत असतो.

आपल्या आज्यांना तापमापी लागली नाही. त्यांनी दोन बोटांत पाक धरून तारा मोजल्या. एकतारी पाक, दोनतारी पाक, आणि पाण्यात थेंब टाकला की मऊ गोळी होणारा गोळीबंद पाक. गोळीबंद पाक साधारण ११५ अंशांच्या आसपास असतो आणि त्यात अजून पंधरा टक्के पाणी असते. १२५ अंशांच्या पुढे पाणी दहा टक्क्यांच्या खाली येते. कडक गोळीसाठी १५० अंशांपर्यंत जावे लागते. तिथे पाणी उरते जेमतेम दोन-तीन टक्के. याला पाकाचा शेवटचा मुक्काम समजा, कारण १६० अंशांच्या पुढे साखर करपण्याच्या वाटेला लागते: आधी सोनेरी, मग तांबडी, मग कडू.

या प्रवासाचा वेग सारखा नसतो. सुरुवातीला भरपूर पाणी वाफ होऊन जात असते, त्यामुळे पाक बराच वेळ ११० अंशांच्या आसपास रेंगाळतो. पाणी संपत आले की काटा भराभर चढतो. १४० ते १५० हे अंतर बघता बघता कापले जाते. दूध उतू जाते ते नेमके आपली पाठ वळल्यावर, आणि पाक करपतो तोही तेव्हाच. म्हणून शेवटच्या मिनिटांत आच मंद ठेवायची आणि नजर हलवायची नाही.

घरी गोळी करायची तर

साहित्य थोडके. साखर ४०० ग्रॅम, पाणी दीडशे मिलिलिटर, आणि केकचे सामान मिळते त्या दुकानातले लिक्विड ग्लुकोज शंभर ग्रॅम. ग्लुकोज नसेल तर अर्धा चमचा लिंबाचा रस. जाड बुडाचे पातेले, पाकाची तापमापी, आणि तूप किंवा तेल लावलेले स्टीलचे ताट किंवा संगमरवरी पाट.

तापमापी आधी उकळत्या पाण्यात बुडवून पारखून घ्या. गोंदिया शहर समुद्रसपाटीपासून सुमारे ३०० मीटर उंच आहे, त्यामुळे इथे पाणी १०० नव्हे, ९९ अंशांवर उकळते. तापमापी ९६ दाखवत असेल तर ती तीन अंश मागे आहे हे लक्षात ठेवून पाक उतरवा.

साखर आणि पाणी मंद आचेवर ठेवून सारखे ढवळा. साखर पूर्ण विरघळेपर्यंत उकळी येऊ देऊ नका. विरघळली की ग्लुकोज घाला, आच वाढवा, आणि त्या क्षणापासून चमचा बाजूला ठेवा. ढवळायचे नाही. पातेल्याच्या कडेला साखरेचे शिंतोडे वाळलेले दिसले तर ओल्या कुंचल्याने ते खाली उतरवा. हा सोवळेपणा वाटेल, पण कारण पक्के आहे. कडेवरचा एक दाणा पाकात पडला तर तो बियाणे ठरतो. त्याच्या पृष्ठभागावर रेणूंना बसायची तयार जागा मिळते, एक बसला की दुसरा बसतो, आणि बघता बघता पातेलेभर पाक दाणेदार होऊन बसतो. ढवळण्यानेही हेच होते: रेणू एकमेकांवर आदळतात आणि पहिली ओळ धरायला त्यांना निमित्त मिळते.

१५० अंश झाले की पातेले आचेवरून उतरवा. बुडबुडे शांत होऊ द्या. पाक १३० अंशांच्या खाली आला की रंग, वेलची किंवा संत्र्याचा अर्क आणि चिमूटभर लिंबूसत्व घाला. अर्क आधी घातला तर वास घरभर पसरेल आणि गोळीत काहीच उरणार नाही. आता तूप लावलेल्या ताटात पाक ओता. दोन-चार मिनिटांत कडा घट्ट होतात आणि मधला भाग वाकतो पण वाहत नाही. या वेळी तूप लावलेल्या सुरीने चौकोन आखून घ्या. पूर्ण गार झाल्यावर ताट उलटे करून हलके ठोकले की आखलेल्या रेषांवर गोळ्या सुटतात.

तापमापी नसेल तर वाटीभर गार पाण्यात पाकाचा थेंब सोडा. तो लगेच कडक होऊन बोटांनी वाकवताच कटकन मोडला पाहिजे. वाकला तर पाक अजून व्हायचा आहे.

एक सूचना मात्र गांभीर्याने घ्या. उकळत्या पाण्याचा चटका वेगळा आणि १५० अंशांच्या पाकाचा वेगळा. पाक कातडीला चिकटतो आणि चिकटून भाजत राहतो. कढईपाशी मोठ्या माणसानेच उभे राहावे, शेजारी गार पाण्याचे भांडे भरलेले असावे, आणि मुलांना रंग निवडण्याचे व गोळ्या कागदात गुंडाळण्याचे काम द्यावे.

लिंबाचा थेंब काय करतो

ग्लुकोज किंवा लिंबू कशासाठी? साखरेच्या रेणूंच्या रांगेत भेसळ करण्यासाठी. एकाच आकाराचे रेणू असले तर ओळ धरणे सोपे. मध्येच वेगळ्या आकाराचे रेणू घुसले की ओळ मोडते. लिक्विड ग्लुकोज हे काम थेट करते. लिंबू ते आडवाटेने करते. त्यातल्या आम्लामुळे उकळत्या पाकात साखरेच्या काही जोड्या फुटून ग्लुकोज आणि फ्रुक्टोज वेगवेगळे होतात. म्हणजे लिंबाने साखरेतूनच साखरेच्या वाटेत अडथळे तयार केले.

पण याला मर्यादा आहे. लिंबू जास्त पडले तर फ्रुक्टोज वाढते, आणि फ्रुक्टोज हवेतले पाणी ओढण्यात पटाईत असते. अशी गोळी संध्याकाळपर्यंत चिकट होते. म्हणून आंबट चवीसाठीचे लिंबूसत्व शेवटी, आच बंद झाल्यावर घालतात. तोवर फुटाफुटीला लागणारी उष्णता ओसरलेली असते.

एकाच थेंबाचे दोन रंग

आता या विषयातला सर्वांत देखणा भाग. गाठीच्या पाकात आणि गोळीच्या पाकात लाल रंगाचा सारखाच थेंब घातला, तर गाठी फिकट गुलाबी होते आणि गोळी माणकासारखी लाल. रंग तोच, प्रमाण तेच. असे का?

गाठीतला एकेक स्फटिक पारदर्शकच असतो. पण ते असतात लाखोंनी, आणि दोन स्फटिकांच्या मध्ये फट असते. उजेड आत शिरला की प्रत्येक सीमेवर थोडा वळतो, थोडा मागे फिरतो, आणि फार खोल न जाता पांढरा होऊन बाहेर पडतो. रंगाशी त्याची भेट ओझरतीच होते. गोळीत अशा सीमाच नाहीत. उजेड सरळ आत जातो, संपूर्ण जाडीभर रंगातून प्रवास करतो आणि गडद होऊन बाहेर येतो. गाठीचा पांढरेपणा आणि गोळीची झळाळी हे दोन्ही उजेडाच्या रस्त्याचे खेळ आहेत.

गोळीचा पाक कोमट असताना हातांनी ओढला, दुमडला, पुन्हा ओढला तर तोही पांढरा होतो आणि रेशमासारखा चमकतो. या वेळी काम स्फटिकांचे नसते, हवेचे असते. ओढताना अडकलेले सूक्ष्म बुडबुडे उजेड विखुरतात. पांढरी रेवडी अशाच ओढलेल्या पाकाची. भाऊबीजेनंतर झाडीपट्टीत गावोगावी मंडई भरते, तिथे रेवडी घेतलीत तर मोडून आत पाहा: ओढीचे पदर दिसतील. ओढलेली पांढरी दोरी आणि न ओढलेली लाल दोरी एकत्र पिळली की पट्ट्यापट्ट्यांची गोळी तयार.

रंग कुठला वापरायचा हा प्रश्न हौसेचा नाही, प्रकृतीचा आहे. भारतात खाद्यपदार्थांसाठी आठच कृत्रिम रंगांना परवानगी आहे: पोन्सो ४ आर, कार्मोइसिन, एरिथ्रोसिन, टारट्राझिन, सनसेट यलो, ब्रिलियंट ब्लू, इंडिगो कार्माइन आणि फास्ट ग्रीन. गोळ्यांमध्ये त्यांचे प्रमाण किलोमागे १०० मिलिग्रॅमच्या वर जाता कामा नये. एका चिमटीतही याहून जास्त रंग मावतो, म्हणून सुरीच्या टोकाला लागेल एवढाच घ्यावा. कापड रंगवायचा रोडामिन बी हा झगझगीत गुलाबी रंग खाण्यात वापरणे बेकायदा आहे. बुढ्ढी के बालमध्ये तो सापडल्यामुळे तमिळनाडू सरकारने फेब्रुवारी २०२४ मध्ये त्या मिठाईवर बंदी घातली. डबीवर खाद्यरंग असे छापलेले आणि एफएसएसएआयचा परवाना क्रमांक असेल तरच ती घ्या; सुटी पुडी नको.

घरच्या रंगांची परीक्षा कढईत होते. बीटाचा लाल रंग उष्णतेला टिकत नाही. गरम पाकात तो तपकिरी पडतो. हळद उष्णता सोसते, पण ती पाण्यात नीट विरघळत नाही, म्हणून चिमटीपेक्षा जास्त घातली तर गोळी गढूळ होते. गोकर्णाच्या निळ्या फुलांचा अर्क मात्र मौज दाखवतो. तो निळा असतो, लिंबूसत्व पडताच जांभळा-गुलाबी होतो. त्यातले अँथोसायनिन आम्लाशी भेटले की रंग बदलते. पाक बराच निवल्यावर अगदी घट्ट आटवलेला अर्क थोडासा घातला तर हा खेळ गोळीत टिपता येतो. जास्त घातला तर त्यातले पाणी गोळी मऊ करते. होळीच्या सुमारास गोंदियाची जंगले पळसाने केशरी होतात. त्या फुलांचे पाणी अंगावर उडवायला उत्तम. गोळीसाठी खाद्यरंगच बरा.

साखरेचे गणगोत

हे सूत्र एकदा हाती आले की मराठी साखरखाऊचे सगळे गणगोत ओळखू येते. गाठीवाले पाक कडक करत नाहीत. तो घोटतात. घोटल्याने स्फटिक धरू लागतात आणि पाक पांढुरका होतो, की लगेच लाकडी साच्यांत ओततात. साच्याच्या खाचांमधून दोरा आधीच ओढून ठेवलेला असतो. स्फटिक त्या दोऱ्याला धरूनच घट्ट होतात, म्हणून गाठी मुलाच्या गळ्यात दिवसभर लोंबकळूनही सुटत नाही. गोळीवाला ज्या दाण्याला भितो, गाठीवाला त्यालाच बोलावतो.

संक्रांतीचा काटेरी हलवा याहून नाजूक. परातीत तीळ किंवा खसखस घेऊन मंद आचेवर पाकाचे थोडे थोडे थेंब टाकायचे आणि बोटांनी सतत फिरवत राहायचे. प्रत्येक थेंब वाळला की दाण्यावर स्फटिकांचा एक थर चढतो. जिथे जरा उंचवटा आला तिथे पुढचा थर लवकर धरतो, आणि उंचवट्याचा काटा होतो. घाई केली, पाक एकदम ओतला, तर काटे बुजून गुळगुळीत गोळे होतात. तासन्‌तास परातीपाशी बसून बायका जे करत आल्या त्याला प्रयोगशाळेत स्फटिकवृद्धी म्हणतात.

बुढ्ढी के बाल ही गोळीचीच बहीण. वितळलेली साखर गरगर फिरणाऱ्या डबीच्या बारीक छिद्रांतून बाहेर फेकली जाते आणि हवेतच थिजते. रेणूंना ओळ धरायला सेकंदाचा अंशही मिळत नाही, म्हणून प्रत्येक केस काचेचा. हे विजेचे यंत्र १८९७ साली अमेरिकेत ज्या दोघांनी काढले त्यांपैकी विल्यम मॉरिसन हा दाताचा डॉक्टर होता.

कारखान्यातली गोळीही हीच, फक्त एक युक्ती जास्त. तिथे पाक निर्वात भांड्यात आटवतात. हवेचा दाब कमी झाला की पाणी कमी तापमानातच निघून जाते, साखर तांबूस होत नाही आणि गोळी पाण्यासारखी नितळ राहते. घरच्या गोळीला किंचित पिवळी झाक येते ती याच फरकामुळे. महाराष्ट्रात या धंद्याची परंपरा जुनी आहे. पार्लेने १९२९ साली मुंबईच्या विलेपार्ल्यात सुरुवात केली ती गोळ्या-मिठाईपासून. नाशिक जिल्ह्यातल्या रावळगावला वालचंद हिराचंदांच्या साखर कारखान्याने १९४२ मध्ये गोळ्या करायला घेतल्या आणि त्या गावाचे नाव देशभरच्या मुलांच्या तोंडी बसले.

गोळीचे ऋतू

काच झालेली साखर कायम काच राहीलच असे नाही. प्रत्येक काचेला एक तापमान असते. त्याच्या वर ती मऊ पडून वाहू लागते. अगदी कोरड्या साखरेच्या काचेसाठी ते ६० ते ७० अंशांच्या दरम्यान आहे. पण गोळीत दोन-तीन टक्के पाणी असते, आणि प्रत्येक टक्का पाणी हे तापमान बरेच खाली ओढते. घरच्या गोळीसाठी ते पन्नाशीच्या आसपास किंवा त्याखालीही येते. गोंदियात मे महिन्यात पारा ४४-४५ अंशांवर जातो आणि पत्र्याच्या छपराखाली त्याहून वर. त्या खोलीतल्या बरणीत गोळ्या एकमेकींत मिसळून एकच ढेकूळ झाले तर नवल नाही.

पावसाळा दुसऱ्या बाजूने मारतो. जिल्ह्यात वर्षाला १२०० मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो आणि दमट हवेतले पाणी गोळी शोषून घेते. आधी पृष्ठभाग चिकट होतो. मग त्या ओल्या थरात रेणूंना हलायला जागा मिळते, आणि इतके दिवस हुकलेली रांग ते आता धरू लागतात. जुनी गोळी वरून पांढरी, खरखरीत झालेली तुम्ही पाहिली असेल. काचेने गाठीची वाट धरल्याची ती खूण. म्हणून घरगुती गोळ्यांचा हंगाम डिसेंबर ते फेब्रुवारी. हवा कोरडी, ऊन सौम्य.

याच नियमाने जगातली फार मोठी कामे चालतात. धानाचे बियाणे सुकवून ठेवले तर वर्षभराने पेरले तरी उगवते. सुकलेल्या बियांच्या पेशींत साखर आणि प्रथिने मिळून काचेसारखी घट्ट अवस्था तयार होते. आतली सगळी घडामोड थिजते आणि जीव जपला जातो. बियाण्याला ओल लागली की ही काच मऊ पडते आणि उगवण घटते. बियाणे कोरडे ठेवा हा शेतकऱ्याचा धडा आणि गोळ्या हवाबंद ठेवा हा हलवायाचा धडा एकच आहे. गोठवून सुकवलेल्या अनेक लसी आणि औषधांतही सुक्रोज किंवा ट्रेहॅलोज या शर्करा हेच करतात. नाजूक प्रथिने साखरेच्या काचेत जागच्या जागी धरून ठेवतात.

अंधारातली ठिणगी

शेवटी एक प्रयोग, बिनखर्चाचा. अमावास्येच्या आसपास खोली पूर्ण काळोखी करा, डोळे दहा मिनिटे अंधाराला सरावू द्या, आणि खडीसाखरेचा मोठा खडा पक्कडीत धरून फोडा. फुटताना क्षणभर फिकट निळसर उजेड चमकतो. स्फटिक फाटताना त्याच्या दोन बाजूंवर विरुद्ध विद्युतभार जमतो, मधल्या हवेतला नायट्रोजन पेटल्यासारखा उजळतो, आणि क्षणार्धात विझतो. फ्रान्सिस बेकनने १६२० साली आपल्या ग्रंथात साखर फोडताना दिसणाऱ्या या चमकेची नोंद केली आहे. वीज आकाशात चमकते तेव्हाही हवेतून असाच विद्युतभार धावत असतो. इथे तो पक्कडीच्या दोन दातांमध्ये धावतो.

शाळेत द्रावण, स्फटिक, उत्कलनबिंदू, आम्ल हे धडे वेगवेगळ्या पानांवर असतात आणि मुले ते वेगवेगळे पाठ करतात. कढईत ते सगळे अर्ध्या तासात एकत्र भेटतात, आणि वर खाऊ मिळतो. विज्ञानाच्या शिक्षकांनी आणि घरातल्या मोठ्यांनी येत्या हिवाळ्यात एकदा तरी हा घाट घालावा. मुलांच्या एका हातात गाठी आणि दुसऱ्या हातात गोळी द्यावी आणि फरक त्यांनाच शोधू द्यावा. पहिल्या खेपेला पाक दाणेदार झाला, मऊ राहिला किंवा रंग फसला तरी हिरमुसू नका. करपला नसेल तर त्यात कपभर पाणी घाला, सगळे विरघळू द्या आणि पुन्हा उकळायला ठेवा. साखर मूळपदावर येते आणि तुम्हाला पहिल्यापासून सुरुवात करता येते.